स्वयंचलित मोटारींतील हाताचा गिअर

ज्या मोटारीला क्लचचें पेडल नाहीं आणि जिचे गिअर आपोआप बदलतात, तिच्या गिअरच्या दांड्यापाशीं किंवा स्टिअरिंगच्या मागें अधिक आणि उणें अशीं दोन चिन्हें कशासाठीं ठेविलेलीं असतात, असा प्रश्न आतां पुष्कळ घरांतून विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. गिअर बदलण्याचा त्रास चुकावा म्हणून आपण चार पैसे अधिक मोजले. मग तोच त्रास पुन्हां निराळ्या रूपानें कां पत्करावा? कित्येक गृहस्थ तीं चिन्हें पांच पांच वर्षें पाहतात, पण त्यांना हात लावीत नाहींत. तरुण मंडळी हात लावतात, परंतु तो बहुधा वेग वाढविण्यासाठीं. माझ्या मतें या दोन्ही पक्षांनीं त्या सोयीचें खरें काम ओळखलेलें नाहीं. तें काम मुख्यतः वेग आवरण्याचें आहे, आणि तेंच सांगण्यासाठीं मी आज आपल्यापुढें बोलत आहें.

आमच्या लोहाऱ्यासारख्या तालुक्याच्या गांवीं स्पोर्ट्स मोटार हें रोजचें दृश्य नव्हे. आमच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर, जीप, एस. टी. आणि मोटारसायकली यांचें राज्य. पुण्यास नोकरी करणारा माझा भाचा दिवाळीस तसली एक बुटकी, दोन दारांची गाडी घेऊन आला, तेव्हां वेशीपासून घरापर्यंतच्या प्रत्येक गतिरोधकावर तिचें पोट घासूं नये म्हणून त्याला ती तिरकी काढावी लागत होती, आणि मागून पोरांची मिरवणूक चालली होती. भाच्यानें मोटार चालविण्यास प्रारंभच स्वयंचलित गाडीवर केलेला. क्लच त्याच्या पायाला ठाऊक नाहीं. माझें आयुष्य जीपच्या गिअरशीं झटण्यांत गेलेलें. मला ती पडद्यांची आणि दिव्यांची गाडी ठाऊक नाहीं. अशा दोघां अर्धवटांनीं मिळून चार दिवसांत तो हाताचा गिअर शिकून घेतला. गाडी त्याची, कान माझे.

गिअर म्हणजे काय हें थोडक्यांत सांगतों. खालच्या गिअरांत जोर अधिक आणि धांव कमी. वरच्या गिअरांत धांव अधिक आणि जोर कमी. मोटारीच्या आरंभकाळीं हे दांते जुळविण्याचें काम सर्वस्वी चालकाकडे होतें. तें त्याच्याकडून काढून घेणारी आणि मोठ्या प्रमाणावर खपलेली पहिली पेटी अमेरिकेच्या जनरल मोटर्सची. हायड्रामॅटिक हें तिचें नांव, आणि १९४० सालच्या ओल्डस्मोबिल गाड्यांतून ती आली. पुढें पन्नासएक वर्षांनीं प्रवाह थोडा उलटला. १९८९ सालीं फेरारीच्या शर्यतीच्या गाडींत जॉन बार्नार्ड या अभियंत्यानें स्टिअरिंगच्या मागें दोन पट्ट्या बसविल्या. उजवी ओढली कीं वरचा गिअर, डावी ओढली कीं खालचा. त्या गाडीनें ब्राझील येथें पहिल्याच शर्यतींत नायजेल मॅन्सेल यास विजय मिळवून दिला. त्याच सुमारास पोर्शे कंपनीनें आपल्या ९११ या गाडींत टिपट्रॉनिक नांवाची, आपोआप चालणारी पण हातानेंही बदलतां येणारी पेटी दिली. २००३ सालीं फोक्सवॅगनची दोन क्लचांची पेटी गोल्फ गाडींत आली. मराठवाड्यालाही हा विषय परका नाहीं. छत्रपति संभाजीनगरजवळ शेंद्रा येथें २००१ पासून स्कोडाचा कारखाना आहे, आणि ऑडीच्या मोटारीही तेथें जुळविल्या गेल्या आहेत. आणि केवळ श्रीमंतांचीच ही गोष्ट आहे असेंही नव्हे. २०१४ सालीं मारुतीच्या सेलेरिओ या लहान गाडीनें स्वस्त स्वयंचलित गिअर आपल्याकडे आणला, आणि तिच्या दांड्यावरही अधिक-उणें होतें. तेव्हां मी स्पोर्ट्स मोटारीविषयीं बोलत असलों, तरी आपल्या घरासमोर उभ्या असलेल्या साध्या गाडीला यांतील बरेंच लागू पडेल.

आतां मुख्य मुद्दा. पेटीचा मेंदू गिअर कसा ठरवितो? चाकांचा वेग किती, इंजिनाच्या फेऱ्या किती, ॲक्सिलरेटर किती दाबला आहे, ब्रेकवर पाय आहे कीं नाहीं, इतक्या गोष्टी तो मोजतो. कांहीं गाड्यांत रस्त्याचा चढउतारही त्याला कळतो. हें सर्व तो माणसापेक्षां जलद मोजतो, यांत संशय नाहीं. पण जें मोजतो तें या क्षणाचें. पुढें दोनशें पावलांवर वळण आहे, वळणापलीकडे उसाची ट्रॉली उभी आहे, हें त्याच्या हिशेबांत नसतें. रोल्स रॉइसनें २०१३ सालीं उपग्रहाच्या साह्यानें पुढचा रस्ता ओळखून गिअर निवडणारी पेटी काढली खरी. परंतु नकाशाला वळण कळेल, ट्रॉली कशी कळणार? तें पाहण्यास काचेमागें बसलेला मनुष्यच हवा. तीं दोन चिन्हें म्हणजे आपण जें पाहिलें तें यंत्राला वेळेवर सांगण्याचें साधन होय.

आमचा अभ्यास माकणीच्या रस्त्यावर सुरू झाला. निम्न तेरणेच्या धरणाकडे जाणारा हा रस्ता भल्या पहाटे जवळजवळ मोकळा असतो. पहिल्या दिवशीं मीं भाच्याला कशालाही हात लावूं दिला नाहीं. दांडा डी या खुणेवर ठेवून फक्त आवाज ऐकायचा आणि फेऱ्यांच्या कांट्याकडे पाहायचें, एवढाच पाठ. साठाच्या वेगानें संथ जातांना ती आठ गिअरांची पेटी सहाव्यांत बसे आणि कांटा दीड हजाराच्याही खालीं राही. इंधनाच्या दृष्टीनें हें उत्तम. पण त्या स्थितींत इंजिन एखाद्या जेवून आडवें झालेल्या माणसाप्रमाणें असतें. त्याला हांक मारली तर तें उठतें, पण लगेच धांवत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं डावी पट्टी. डी मध्येंच असतां ती एकदां ओढली कीं गाडी एक गिअर खालीं येते, आणि आपण पुढें कांहीं केलें नाहीं तर कांहीं वेळानें आपोआप पूर्वस्थितीला जाते. नवशिक्यानें याच तात्पुरत्या सोयीपासून आरंभ करावा, असें मी आग्रहानें सांगेन. भाच्यानें लागोपाठ तीन वेळां पट्टी ओढली, कांटा तीन हजारांशीं गेला, इंजिन घुमूं लागलें, आणि तो दचकून म्हणाला, “मामा, आवाज फार वाढला. कांहीं बिघडलें तर नाहीं ना?” मीं म्हटलें, “अरे, तांबडी रेघ अजून किती लांब आहे बघ. यंत्र रागावलें नाहीं, जागें झालें आहे. आतां ॲक्सिलरेटरवरून पाय काढ आणि गाडी कशी ओढली जाते तें पाहा.” पाय काढतांच ब्रेकला स्पर्श न होतां गाडीचा वेग उतरूं लागला. त्या क्षणीं त्याच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला, तो वेग वाढवितांना मीं कधीं पाहिला नव्हता.

तिसऱ्या दिवशीं दांडा बाजूच्या खांचेंत, म्हणजे संपूर्ण हाताच्या अमलाखालीं. येथें एक सूचना करावीशी वाटते. दांड्यानें गिअर बदलावयाचा असेल तर पुढें ढकलणें म्हणजे वरचा गिअर कीं खालचा, हें सर्व कंपन्यांत सारखें नाहीं. ब्रेक लावतांना अंग पुढें झुकतें म्हणून पुढें ढकलल्यावर खालचा गिअर यावा, ही शर्यतवाल्यांची रीत कांहीं कंपन्या पाळतात. इतर अगदीं उलट करतात. गाडी उभी असतां हें पाहून घ्यावें, घाटांत नव्हे.

हाताच्या अमलांतही यंत्र आपणांस पूर्ण मोकळें सोडीत नाहीं. ज्या वेगाला खालचा गिअर घातला असतां इंजिनाच्या फेऱ्या मर्यादेपलीकडे जातील, तो वेग असतांना पेटी आपली आज्ञा मानीत नाहीं. गाडी थांबूं लागली कीं ती स्वतःच खालच्या गिअरांत येते, म्हणून ती बंद पडत नाहीं. मात्र फेऱ्या तांबड्या रेघेशीं पोंचल्या असतां कांहीं गाड्या आपण होऊन वरचा गिअर घेतात आणि कांहीं तेथेंच अडून राहतात. आपली गाडी कोणत्या जातीची आहे हें तिच्या पुस्तकांत वाचावें. दोन क्लचांच्या पेटींत एक क्लच विषम गिअर सांभाळतो आणि दुसरा सम, व पुढचा गिअर आधींच जोडून ठेवलेला असतो. वेग वाढत आहे अशा समजुतीनें तिनें वरचा जोडून ठेवावा आणि आपण खालचा मागावा, असें झालें तर क्षणभर उशीर होतो. तो दोष नव्हे. तिचा अंदाज चुकलेला असतो इतकेंच.

उसाच्या हंगामांत आमच्या भागांत या विद्येचा रोज उपयोग आहे. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढें चाललेला असतो, मागें दिवा असेलच असें नाहीं. त्याला ओलांडतांना नुसता डी वर विसंबून ॲक्सिलरेटर दाबला, तर पेटी विचार करते, मग दोन-तीन गिअर खालीं येते, मग गाडी उसळते. आणि तोंवर समोरून एस. टी. दिसूं लागते. त्याऐवजीं ट्रॅक्टरच्या मागें असतांनाच, रस्ता मोकळा दिसण्याआधीं, दोन गिअर खालीं घ्यावे. रस्ता मोकळा दिसला तर गाडी तत्काळ निघते. न दिसला तर पाय सोडावा; त्याच गिअरांत ती तितक्याच तत्परतेनें मागें राहते. ही दुसरी बाजू मला अधिक मोलाची वाटते.

चौथ्या दिवशीं नळदुर्गावरून तुळजापुरास जाऊन देवीचें दर्शन घेतलें आणि सोलापूरच्या बाजूस घाट उतरलों. बालाघाटाची ही कड फार उंच नाहीं, पण नवरात्रांत आणि कोजागरीच्या सुमारास याच वाटेनें हजारों माणसें पायीं चालत येतात; त्यांत म्हातारीं माणसें असतात, कडेवर लेंकरें घेतलेल्या बाया असतात. अशा वाटेवर ब्रेकनें दगा देणें म्हणजे काय, हें निराळें सांगावयास नको. ब्रेक गाडीच्या गतीची उष्णता करतो. उतारभर तो दाबून ठेवला तर तबकड्या तापतात, पकड सुटूं लागते, आणि ब्रेकच्या तेलाची वाफ झाली तर पेडल पोकळ लागतें. डी मध्यें पाय काढला कीं पुष्कळ पेट्या इंधन वाचवावें म्हणून वरचा गिअर घेतात, आणि मग सर्व भार ब्रेकवर येतो. म्हणून घाट सुरू होण्यापूर्वींच, सपाटीवर, वेग कमी करून तिसरा गिअर घ्यावा. गाडी तरीही पळूं लागली तर ब्रेक लावून वेग उतरवावा आणि मग दुसरा. आधीं ब्रेक, मागाहून गिअर, आणि एका वेळीं एकच. वळणाच्या ऐन मध्यावर गिअर बदलूं नये, कारण बहुतेक गाड्यांत पट्ट्या स्टिअरिंगबरोबर फिरतात, आणि उजवी कोणती व डावी कोणती याचा तेथेंच घोटाळा होतो.

उतारावर गाडी न्यूट्रलमध्यें सोडली तर इंधन वाचतें, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजली आहे. आधुनिक इंजिनाच्या बाबतींत ती खरी नाहीं. गिअरांत असलेल्या गाडीच्या ॲक्सिलरेटरवरून पाय काढला कीं, फेऱ्या अगदीं कमी नसतील तोंवर, इंधनाचा पुरवठा बंद होतो आणि चाकेंच इंजिनाला फिरवितात. न्यूट्रलमध्यें मात्र इंजिन जिवंत ठेवण्यासाठीं इंधन जळतच राहतें. पुण्यास कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर २० नोव्हेंबर २०२२ रोजीं एका मालमोटारीनें चाळीसांहून अधिक वाहनांना धडक दिली. त्यानंतर उतारावर गाडी मोकळी सोडण्याच्या संवयीविषयीं वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहून आलें. ती संवय मालमोटारवाल्यांचीच आहे असें समजणाऱ्यांनीं रविवारीं सहलीस निघालेल्या आपल्या स्नेह्यांचे हात एकदां निरखून पाहावे.

पावसाळ्यांत मात्र एक पथ्य पाळावें लागतें. आमची जमीन काळी. ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर ती डांबरी रस्त्यावर येते, आणि पहिल्या सरींत तिचें लोणी होतें. अशा जागीं एकदम दोन गिअर खालीं आणले, तर जिचा जोर मागच्या चाकांवर असतो अशा स्पोर्ट्स मोटारीचीं तीं चाकें घसरूं शकतात. तेथें वेग आधींच उतरवून एक गिअर वरचाच ठेवावा आणि पट्ट्यांना हात लावूं नये.

विजेच्या मोटारी आल्या म्हणजे हें सर्व ज्ञान अडगळींत जाईल, असें भाचा म्हणतो. त्याचें म्हणणें अर्धें खरें आहे. त्या गाड्यांना बदलण्याजोगे गिअर बहुधा नसतातच. पण २०२३ सालच्या टाटांच्या विजेच्या नेक्सॉनमध्यें स्टिअरिंगच्या मागें पुन्हां त्याच दोन पट्ट्या आल्या. पाय काढल्यावर गाडी किती ओढली जावी आणि त्या ओढींतून किती वीज परत मिळावी, हें त्यांनीं ठरवितां येतें. त्याच वर्षीं ह्युंदाई कंपनीनें तर आपल्या एका वेगवान विजेच्या गाडींत नसलेल्या गिअरांचे झटके आणि नसलेल्या इंजिनाचा आवाजही घातला. हें मला थोडें नाटकी वाटतें, पण भाच्याला ती गाडी फार आवडली आहे. पुढच्या दिवाळीस तो कोणती घेऊन येतो हें पाहावयाचें.