भारी पेट्रोल आणि इंजिनाची गरज

(भालकी येथील वासंतिक व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



या मंडपाबाहेर ज्या मोटारी उभ्या आहेत, त्यांपैकी पुष्कळांचे मालक पेट्रोल बंकावर गेले म्हणजे क्षणभर घुटमळतात. एका नळीला साधे पेट्रोल, शेजारच्या नळीला लिटरमागे काही रुपये जास्त दराचे. आणि गाडी नवी असली, कर्ज काढून हौसेने घेतलेली असली, म्हणजे तिला भारी तेच पाजावे अशी बुद्धी होते. माझे मत मी आरंभीच रुजू करतो. ज्या गाडीच्या पुस्तिकेत पेट्रोलाच्या ऑक्टेनचा ९१ हा आकडा छापला आहे, तिच्यात ९५ किंवा १०० ऑक्टेनचे पेट्रोल भरणे हा द्रव्याचा अपव्यय आहे. आणि ज्या गुणासाठी आपण हे जादा दाम मोजतो, तो गुण आपल्याच शिवारातील उसाने साध्या पेट्रोलात अगोदरच आणून ठेवला आहे.

निजामाच्या रेल्वे खात्याने १९३२ साली २७ बसगाड्यांनिशी वाहतूक सुरू केली, तेथपासून आपल्या मुलखातील मोटारींची हकिकत आपणां सर्वांस विदित आहे. आणि पिस्टन, ठिणगी, सिलिंडर यांचा परिचय करून देण्याची गरज ज्या गावातील पोरे मिसरूड फुटण्यापूर्वी ट्रॅक्टर उघडून बसतात तेथे नाही. मी एकदम मुद्द्यावर येतो.

मांजरेच्या खोऱ्यातून बिदरच्या पठारावर चढताना, गाडीत लग्नाची माणसे दाटीवाटीने बसलेली असताना आणि चालकाने वरचा गिअर हट्टाने धरून ठेवला असताना, इंजिनातून डब्यात खडे हलविल्यासारखा टकटक आवाज येतो. मेस्त्री त्याला नॉकिंग म्हणतात. ठिणगी पडल्यावर ज्वाला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे शिस्तीने सरकावी हा नियम. परंतु ती पोहोचण्यापूर्वीच पुढचे मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप भडकले, म्हणजे पिस्टनावर आघात होतो. हा आगाऊ भडका सहन करून थांबण्याची इंधनाची जी शक्ती, तिचे माप म्हणजे ऑक्टेन. आयसो-ऑक्टेन या द्रवाला १०० आणि हेप्टेनला ० मानले आहे. तेव्हा ९१ आकड्याचे पेट्रोल म्हणजे या दोहोंच्या ९१ आणि ९ भागांच्या मिश्रणाइतके धीर धरणारे पेट्रोल. यात ताकदीचा आकडा कोठेही नाही. ज्या इंजिनात दाबच बेताचा, त्याला अधिक धीराचे इंधन दिल्याने त्याचे बळ वाढत नाही.

अवेळी भडक्याचे फळ काय असते, हे बिदरकरांना सांगायला मोटार लागत नाही. बहमनी राज्याचा वजीर महमूद गवान याने १४७२ साली बांधलेला मदरसा आपण पाहिला असेल. तीन मजल्यांची ती इमारत, दर्शनी भिंतीवरील निळ्या, हिरव्या, पिवळ्या रंगांचे ते फरशीकाम, व्याख्यानांची दालने, ग्रंथालय. ज्याने ही ज्ञानशाळा उभारली त्याचा १४८१ साली खोट्या आरोपावरून शिरच्छेद झाला, आणि पुढे बिदर मोगलांच्या अमलाखाली गेल्यावर त्या दालनांत फौज उतरली व दारूचे कोठार आले. १६९६ मध्ये त्या दारूचा स्फोट झाला. वीज पडून हा अनर्थ ओढवला असेही सांगतात; परंतु एक मिनार आणि दर्शनी भागाचा मोठा हिस्सा नाहीसा झाला, हे तर आज डोळ्यांनी दिसते. उरलेल्या मिनाराजवळ उभे राहून तुटलेल्या कडेचा हात लागेल तो दगड चाचपून पाहावा. तो पाहिल्यावाचून आपल्या भागातील कोणत्याही विद्यार्थ्याचे शिक्षण पुरे झाले असे मी मानीत नाही. तीच दारू तोफेच्या नळीत, वेळेवर पेटली असती तर तिने काम केले असते. (टाळ्या.) अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट केले आहे, तरी एवढे सांगणे मला आवश्यक वाटले.

आता आगाऊ भडका सोसण्याचा हा धीर पेट्रोलात आणतात कसा? १९२१ साली अमेरिकेत टॉमस मिजली या संशोधकास शिशाचे एक संयुग सापडले. थेंबभर मिसळले की टकटक बंद. मद्यार्कानेही तेच साधते हे मिजली व त्याच्या मंडळींना त्याच काळी ठाऊक होते. परंतु शिशाच्या संयुगावर पेटंट मिळत होते, मद्यार्कावर मिळणे कठीण होते. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील कारखान्यात ते विष बनविताना पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले, तरीही तो व्यापार चालू राहिला, आणि आपल्या देशातील पेट्रोलातून शिसे पूर्णपणे जाण्यास २००० साल उजाडावे लागले. तोपर्यंत शहरांतील मुलांच्या रक्तात ते उतरत राहिले. शेतातून मिळणारा उपाय बाजूस सारून जगाने विषाचा उपाय पत्करला, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

म्हणूनच ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बेंगळुरू येथे २० टक्के इथेनॉलच्या, म्हणजे त्याच मद्यार्काच्या, पेट्रोलाचा प्रारंभ झाला, ही घटना मी महत्त्वाची समजतो. इथेनॉलचा ऑक्टेन १०८ च्या आसपास. मूळचे ९१ चे पेट्रोल या मिश्रणाने ९५ पर्यंत जाते, असे पेट्रोलियम मंत्रालयानेच २०२५ मध्ये सांगितले. भालकी, हुमनाबाद, आळंद या तालुक्यांतून उसाच्या गाड्या कारखान्याकडे जातात. त्या उसाचा रस आणि मळी यांपासून इथेनॉल होते, आणि तेच देशाच्या टाकीतील ऑक्टेन बनते. मग ९५ या आकड्यासाठी वेगळे दाम कशाचे? १०० ऑक्टेनचे पेट्रोल डिसेंबर २०२० मध्ये आले तेव्हा दिल्लीत त्याचा दर लिटरला १६० रुपये होता, साध्याच्या जवळजवळ दुप्पट. ज्या थोड्या बलाढ्य इंजिनांच्या पुस्तिकेत तशी शिफारस आहे त्यांनी ते खुशाल घ्यावे. भारी पेट्रोलात इंजिन स्वच्छ राखणारी द्रव्ये असतात, त्यांचाही उपयोग मी नाकारीत नाही. परंतु तो गुण ऑक्टेनचा नव्हे.

(मागून एक श्रोते : “आणि ॲव्हरेज पडलं त्याचं काय, सर?” हशा.)

प्रश्न रास्त आहे आणि मी त्याला बगल देणार नाही. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलाच्या सुमारे दोनतृतीयांशच उष्णता असते, तेव्हा मैल घटणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या घडणीच्या चारचाकींना ६ ते ७ टक्के आणि दुचाकींना ३ ते ४ टक्के घट सांगितली आहे. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या व वायसर मेस्त्रीकडून तपासून घ्यावेत. परंतु टायरात हवा कमी ठेवून, एअर फिल्टर धुळीने भरू देऊन गाडी हाकणाऱ्याने सगळा दोष उसाच्या माथी मारू नये, एवढीच माझी विनंती आहे.

(दुसरे श्रोते : “उसाला पाणी कोठून आणायचे?”)

मांजरा आणि कारंजा ज्यांनी कोरड्या पाहिल्या त्यांचा हा सवाल गंभीर आहे. मका आणि खराब धान्य यांपासूनही इथेनॉल होते, आणि कोरडवाहू शिवाराला तोच मार्ग उचित, असे माझे मत आहे. सविस्तर बोलायला अध्यक्षांची चिठ्ठी आता मुभा देत नाही.

तेव्हा थोडक्यात सांगतो. उद्या सकाळी गाडीची पुस्तिका काढा, इंधनाच्या पानावरील आकडा वाचा, आणि त्या आकड्याबरहुकूम पेट्रोल भरा. आणि आपण ग्राहक म्हणून एक मागणी एकमुखाने करू या : प्रत्येक बंकावर, प्रत्येक नळीवर, ऑक्टेन किती आणि इथेनॉल किती हे दोन आकडे कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत, शेतकऱ्याला हातभर अंतरावरून वाचता येतील इतक्या ठळक अक्षरांत लिहिलेले असावेत. (टाळ्या.) जे आपण पिकवितो आणि जे आपण विकत घेतो, त्याचा हिशेब आपल्याला कळला पाहिजे, तो कळला, म्हणजे जादा दराची नळी कोणी कितीही पुढे केली तरी आपला हात मुकाट्याने खिशाकडे जाणार नाही.