यंत्राचा निरोप



संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्या मंडळींत एकानें कांहीं बदल केला, कीं २०११ पासून जेंकिन्स या नांवानें चालणारें साधन आपण होऊन सर्व भाग जुळवितें, तपासण्या घेतें आणि निकाल त्यांच्या स्लॅकवरील सामाईक चॅनलवर कळवितें. सोय मोठी, परंतु दिवसांतून पन्नास वेळां ‘सर्व ठीक’ असा निरोप आला, तर तो वाचील कोण? ‘लांडगा आला’ म्हणून ओरडणारा मुलगा खोटें बोलत होता. यंत्र प्रत्येक वेळीं खरेंच सांगतें, तरी गत तीच! मग खरोखर बिघाड झाला तरी तो कोणाच्या ध्यानीं येत नाहीं, आणि सोबती त्या कच्च्या पायावरच मजले चढवीत राहतात.

यास्तव निरोप दोनच प्रसंगीं धाडावा : काम फसलें तेव्हां, आणि फसलेलें सुधारलें तेव्हां. कोणाच्या बदलानंतर, कोणत्या टप्प्यावर गाडें अडलें, हें त्यांत एका ओळींत सांगावें व सविस्तर नोंदीचा दुवा जोडावा. ज्या वेबहुकच्या पत्त्यावर निरोप जातो, तो पत्ता किल्लीप्रमाणें जपावा. तो परक्याच्या हातीं पडल्यास परकाहि तेथें वाटेल तें लिहूं शकतो.

मात्र यंत्रच बंद पडलें, तरीहि शांतताच असते. म्हणून रोज सकाळीं कुशलाचा एक निरोप अवश्य असावा.