उलटा ट्रान्सफॉर्मर
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मी बोलायला उभी राहिले की आता सॉफ्टवेअरचं काही सांगणार, असं तुम्हाला वाटेल. पण मी मिक्सरचं सांगणार आहे.

पुण्या-मुंबईत गावाचं नाव सांगितलं की लोक हसतात. त्यांना खर्डा म्हणजे मिरचीचा ठेचा. मग 1795 ची लढाई, किल्ला, निजाम असं सगळं ऐकवावं लागतं. 2009 मध्ये माझ्या बाळंतपणासाठी आई न्यू जर्सीला आली, तेव्हा तिथल्या शेजारणींनाही हेच ऐकवलं. आईने बॅगेत शेंगदाणे आणले होते आणि आपला 500 वॅटचा मिक्सर. मिक्सर 230 व्होल्टचा, तिथली लाइन 120 ची. लावला तर नुसता गुणगुणायचा.

ओळखीच्या एकांकडे भारतात नेण्यासाठी घेतलेला ट्रान्सफॉर्मर पडून होता. 230 चे 110 करणारा, 1000 वॅटचा, वरवंट्यासारखा जड. मला दहावीतले सर आठवले. फळ्यावर दोन वेटोळी काढून ते म्हणाले होते, "याला पुढची बाजू, मागची बाजू कळत नाही." मग काय, उलटा जोडला!

पहिल्यांदा बटण दाबलं आणि स्वयंपाकघरातला ब्रेकर पडला. ट्रान्सफॉर्मर सुरू होताना पहिल्या क्षणी करंटचा मोठा घोट घेतो, आणि कमी व्होल्टच्या बाजूने दिला तर त्याहून मोठा. दुसऱ्यांदा टिकला. हिशेबाने 250 व्होल्ट यायला हवे होते, मीटरने 240 दाखवले. लोड आल्यावर पडणारे व्होल्ट भरून काढायला कारखान्यात 110 च्या बाजूला थोडे जास्त वेढे देतात. उलट जोडलं की तेच वेढे आपल्या विरुद्ध जातात. मिक्सरला त्याचं काही नव्हतं. त्याची मोटर कार्बन ब्रशची, तिला 50 सायकल काय नि 60 काय. (घरचा टेबलफॅन नेला असता तर तो वेगळा पळाला असता.) दाणे बारीक झाले, आई खूश, मी तर एडिसनच!

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. ट्रान्सफॉर्मरची जी पिन एरवी भिंतीत जायची, तिच्यातून आता करंट बाहेर येत होता. मिक्सर तिला जोडलेला असताना ठीक. आईने भांडं धुवायला नेताना मिक्सर काढून ठेवला आणि ती पिन ओट्यावर उघडी पडली. पितळेचे दोन दांडे, 240 व्होल्ट. बाळ माझ्या मांडीवर. आई ओला फडका घेऊन ओटा पुसत पुसत तिकडे सरकत होती.

"आई, हात लावू नकोस!" मी इतक्या जोरात ओरडले की बाळ दचकून रडायला लागलं. आईचा हात वीतभर अंतरावर थांबला. मी भिंतीतलं बटण बंद केलं आणि बराच वेळ खाली बसून राहिले. इंजिनिअरिंगची पदवी होती हो माझ्याकडे! दुसऱ्या दिवशी 120 चे 230 करणारा, बाहेर सॉकेट असलेला ट्रान्सफॉर्मर आणला. आई एवढंच म्हणाली, "पाटा आणला असता तर बरं झालं असतं."

हे इथे सांगायचं कारण म्हणजे आपली डीपी. ती 11,000 व्होल्टचे 433 करते, आणि तिलाही पुढची-मागची बाजू कळत नाही. लाइट गेली, लग्नघरात किंवा मळ्यात जनरेटर लावला आणि मेन स्विच तसाच राहिला, तर आपला करंट उलटा डीपीत शिरून वरच्या तारेवर हजारो व्होल्ट होऊ शकतो. त्या तारेवर लाइन बंद आहे असं समजून आपलाच वायरमन चढलेला असतो. त्याला खालून ओरडून सांगणारं कुणी नसतं. चेंजओव्हर स्विच बसवला की जनरेटर आणि लाइन कधी एकत्र येतच नाहीत. जनरेटरच्या मानाने त्याची किंमत फारच कमी असते.

आज या मंडपामागेही जनरेटर आहे. सकाळी आल्या आल्या मी आधी तिकडे जाऊन पाहिलं. चेंजओव्हर आहे. मग येऊन चहा घेतला.