कमवा आणि शिका : पण कोणत्या दराने?

(भंडारा येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



विद्यार्थ्यांना श्रमाची प्रतिष्ठा शिकविली पाहिजे, असे व्याख्यान आपणांस हवे असेल तर आपण चुकीचा वक्ता बोलाविला आहे. या जिल्ह्यात जी मुले माझ्यापुढे बसली, त्यांना श्रम शिकविण्याची गरज नव्हती. इकडे जुलैत वर्ग भरू लागतात आणि तिकडे धानाची रोवणी येते. मे महिन्यात तेंदूपत्ता. रात्री विडीचे सूप मांडीवर येते. कार्ड आईच्या नावाचे, पण त्या हजारांतील कित्येक विड्या बी.ए.ला असलेल्या मुलीने वळलेल्या असतात.

एका वर्षी रोवणीपायी एका विद्यार्थ्याची हजेरी भरली नाही आणि त्याचा परीक्षेचा अर्ज अडला. ती हजेरी मीच मांडली होती. नियम 75 टक्क्यांचा होता आणि मी नियमाप्रमाणे वागलो. तो पुन्हा महाविद्यालयात दिसला नाही. त्या महिन्यात मी वर्गात वेतनाचा सिद्धान्त शिकवीत होतो!

‘कमवा आणि शिका’ म्हटले की कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव येते, आणि ते योग्यच आहे. 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीरांनी 1947 साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढले, तेही याच तत्त्वावर. परंतु तेथे मुलगा ज्या शेतात राबे, त्याचे धान्य त्याच्याच वसतिगृहाच्या ताटात येई. त्याच्या घामातून तिसऱ्याच कोणी नफा काढीत नव्हता. कर्मवीरांचा दाखला देणारे हा भेद सोयीस्करपणे विसरतात.

आज विद्यापीठांच्या याच नावाच्या योजना बहुधा आवाराच्या आत थांबतात : ग्रंथालय, बाग, कार्यालय. जागा मोजक्या. आवाराबाहेर उरतो तो पेट्रोल पंप, दुकान, लग्नातील वाढपी. सरकारच्या नव्या योजना पाहा. राज्याची युवा कार्यप्रशिक्षण योजना 2024 साली आली, केंद्राची इंटर्नशिप योजनाही त्याच वर्षी. पहिलीत शिक्षण चालू असलेल्यास प्रवेश नाही, दुसरीत पूर्णवेळ विद्यार्थ्यास नाही. म्हणजे ज्याला शिकत असतानाच चार पैशांची गरज आहे, नेमका तोच बाहेर!

अमेरिका काही समाजवादी देश नव्हे. तरी तेथे 1964 च्या कायद्याने गरजू विद्यार्थ्यांना महाविद्यालयाबाहेरील सार्वजनिक व सेवाभावी संस्थांतही काम देण्याची सोय झाली. मजुरीचा मोठा वाटा, सामान्यतः 75 टक्क्यांपर्यंत, संघीय सरकार उचलते. किमान वेतनाहून कमी देता येत नाही. आणि, साथींनो, हे कलम लक्षात ठेवा : असा विद्यार्थी नेमून कोणाही कामगारास, संपावर असलेल्यासही, हटविता येत नाही.

आपल्यापैकी काहींना भीती वाटते की अशा योजनेने मालकाला स्वस्त पोरे मिळतील आणि कायम कामगार घरी बसेल. भीती खरी आहे. म्हणूनच खाजगी मालकाला यात पैचेही अनुदान नको आणि वरील कलम आपल्या मसुद्यात पहिले हवे. पण भीतीपोटी गप्प बसलो, तर मुले आजही त्याच मालकांकडे आहेत, आणि तीही हजेरीपटावर नाव नसताना.

रोजगार हमीचा कायदा करणारे हे राज्य आहे. तो 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. काम मागण्याचा हक्क खडी फोडणाऱ्यास मिळू शकतो, तर ग्रामपंचायतीचे दप्तर लिहू शकणाऱ्या मुलीस का नाही? सार्वजनिक वाचनालये आहेत, प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत. आणि धान खरेदी केंद्रे तर आपल्या दाराशीच आहेत. तेथे शेतकरी बारदाना आणि नोंदणीसाठी दिवस दिवस ताटकळतो. वजनाची पावती वाचून दाखविणारा एखादा शिकलेला पोरगा असला तर काट्यावरची लबाडीही जरा आवरेल. ही कामे ठराविक तासांची, किमान वेतनाची, आणि तास हजेरीत धरले जाणारी असावीत. शेवटच्या मुद्द्यावर माझे जुने सहकारी रागावतील. रागावू द्या.

ठराव आपण नंतर करू. आधी साकोली, पवनी, लाखांदूर, तुमसरच्या साथींनी रोवणीच्या दिवसांत आपापल्या महाविद्यालयात जाऊन रिकामे बाक मोजावेत, आणि त्या बाकांवरची मुले कोणाच्या बांधीत, किती मजुरीवर उभी आहेत, ते नावानिशी लिहून आणावे.