तांबी बसवल्यावर ओटीपोट दुखतंय?

बायकांच्या बैठकीत आम्ही एक तक्रार नेहमी ऐकतो, "तांबी बसवली तेव्हापासून ओटीपोट दुखतंय." घरचे म्हणतात, सवय होईल. मग कुणी गोळी खाऊन कामाला लागते, कुणी तांबी काढूनच टाकते. दुखतंय कशानं, हे शोधायचं राहून जातं.

तांबी बसवल्यावर पहिले काही दिवस पाळीसारख्या कळा येतात. पुढचे तीन ते सहा महिने पाळीत जास्त रक्त जाऊ शकतं, पोटही जास्त दुखू शकतं. पण हा त्रास हळूहळू उतरायला हवा. उतरायच्या ऐवजी वाढला, तर कारण दुसरं असतं.

पहिल्या वीस दिवसांत ताप आला, अंगावरून वास येणारं पांढरं गेलं, संबंधाच्या वेळी आत दुखलं, तर जंतुसंसर्ग असू शकतो. औषधाचा कोर्स पूर्ण करायचा. लागलं तर नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. दोरा लांब लागतो किंवा लागतच नाही, तर तांबी सरकली असेल किंवा पडून गेली असेल. मग सोनोग्राफी करतात. पिशवीत तांबी दिसली नाही, तर पोटाचा एक्स-रे काढतात. त्यात ती दिसते.

पाळी चुकली, एका बाजूला जोरात दुखतंय, चक्कर येतेय, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गर्भ नळीत राहिला असेल, तर जिवावर बेतू शकतं. लघवीची गर्भतपासणी आधी करून घ्या.

कधी तांबी जागेवरच असते आणि दुखणं असतं लघवीच्या जंतुसंसर्गाचं, नाहीतर अंडाशयातल्या गाठीचं. म्हणून नुसती तांबी काढून भागत नाही.

जाताना तांबीचं कार्ड न्या. शेवटच्या पाळीची तारीख, दुखतं कुठे, कधी, ताप आहे का, हे कागदावर लिहून न्या. लिहिता येत नसेल, तर आशाताईंकडून लिहून घ्या. डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा: दोरा दिसतो का? तांबी जागेवर आहे का?

तांबी नको असेल, तर ती कधीही काढून मागायचा आपल्याला हक्क आहे. मात्र घरी दोरा ओढू नका.

बायकांचं दुखणं चालायचंच, असं आपण तरी म्हणायला नको.