पोलादाचं पाणी

मोत्याला पाणी असतं आणि तलवारीलाही. फारसीत पाणी म्हणजे आब, आणि धारेचं तेज म्हणजेही आबच. आपण 'आब राखून' वागतो, ती आबही त्याच घरची. आमच्या पन्हाळ्यावर बाजीप्रभूंचा तलवार उगारलेला पुतळा आहे. तो पाहताना मला वाटतं, १६६० च्या त्या जुलैत तलवार नुसती कठीण असून भागलं नसतं. कठीण तर काचही असते.

लोहार कोयत्याला पाणी देतो ते आठवा. धारेची बाजू लालबुंद करायची आणि पाण्यात बुडवायची. चर्र आवाज झाला की बघणाऱ्याला वाटतं, काम झालं. खरं तर त्या क्षणी धार सर्वांत ठिसूळ असते. म्हणून लोहार पातं घासून उजळ करतो आणि पाठीकडे उरलेली धग हळूहळू धारेकडे येऊ देतो. पात्यावर गवती पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, जांभळा, निळा. हवा तो रंग आला की कोयता पुन्हा पाण्यात. नाव पाण्याचं झालं, पण कोयत्याला कामाचा करते ती ही दुसरी, मंद धग. कारखान्यात तिला टेम्परिंग म्हणतात.

आत काय घडतं, हे १८६० च्या दशकात शेफील्डच्या हेन्री सॉर्बी यांनी पोलाद घासून, त्यावर आम्ल लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. मऊ पोलादात फिकट कण दिसतात आणि त्यांच्यामध्ये शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी झाक असलेले थर. त्या थरांचं नावच पडलं पर्लाइट, म्हणजे मोत्यावरून. पोलाद लाल तापलं की कार्बन लोखंडात विरघळतो, गरम चहात साखर विरघळावी तसा. सावकाश निववलं तर तो बाहेर येऊन आपल्या जागी बसतो. एकदम निववलं तर बाहेर पडायला सवडच मिळत नाही. तो आतच अडकतो आणि लोखंडाच्या अणूंची रचना ताणली जाते. हा ताण म्हणजेच कठीणपणा. या रचनेला १८९५ मध्ये ओस्माँ यांनी जर्मन संशोधक मार्टेन्स यांचं नाव दिलं: मार्टेन्साइट.

आता वाघबीळचा चढ चढणारी एसटी घ्या. ड्रायव्हर गिअर बदलतो तेव्हा सगळा भार चक्राच्या दातांवर येतो. दात झिजू नयेत म्हणून वरून कठीण हवेत, धक्क्यानं तुटू नयेत म्हणून आतून चिवट हवेत. अशा गिअरचं पोलाद अल्प कार्बनचं असतं, शंभर किलोत जेमतेम दोनशे ग्रॅम कार्बन. नुसतं तापवून बुडवलं तर दाताचा पृष्ठभाग पुरेसा कठीण होत नाही. म्हणून गिअर सुमारे ९३० अंशांवर कार्बनयुक्त वायूत काही तास ठेवतात. कार्बन कातडीतून मिलिमीटरभर आत मुरतो. मग तेलात बुडवणं. पोलादात मिसळलेले क्रोमियम, मँगनीज, निकेल आतला बदल लांबवतात, म्हणून पाण्याऐवजी तेलाचं सौम्य निववणं पुरतं आणि गिअर कमी वाकडा होतो. शेवटी दीडशे ते दोनशे अंशांवर एक-दोन तास तीच मंद धग.

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव या वसाहतींत लोखंडाशी रोज झगडणाऱ्यांना ठाऊक असतं की घाई नेमकी इथेच होते. शेवटची भट्टी वाचवली तर इंधन वाचतं आणि गिअर दिसायला तसाच दिसतो. कानस फिरवली तर दोन्हींवर सारखीच घसरते. फरक कळायचा तो पुढे, उसानं लादलेल्या ट्रॅक्टरचा दात चढावर तुटला की. आणि त्या वेळी मागून कोण येत असेल, सांगता येत नाही.

म्हणून चोख काम करणारे प्रत्येक घाण्यातला एक नग कापतात, घासतात, आम्ल लावून भिंगाखाली धरतात. कडेला बारीक सुयांची दाटी, आत खोलवर पट्ट्यापट्ट्यांची चिवट वीण. दोन्ही ठीक दिसलं, तर बाकीचा माल गाडीत चढतो. कापलेला नग भंगारात जातो.