कंबरेच्या बधिरपणाकडे दुर्लक्ष नको
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



कपाशीत डोमकळी दिसली की आत गुलाबी बोंडअळी आहे, हे आपण लगेच ओळखतो. शरीरही अशाच खुणा दाखवते. त्यातली एक खूण आज सांगायची आहे.

आपल्या अकोला-अमरावती भागातील कामे कंबरेवर ताण देणारी आहेत. फवारणीचा १६ लिटरचा पंप भरला की सुमारे २० किलो ओझे पाठीवर येते. वेचणीत दिवसभर वाकावे लागते आणि ओटीचे वजन पुढे ओढते. पऱ्हाटी उपटताना हिसका बसतो. शिवाय खताची आणि सोयाबीनची पोती उचलावी लागतात.

दोन मणक्यांमध्ये एक गादी असते. तिचे कडे चिवट आणि आतला गर मऊ असतो. झिजलेल्या गादीवर ताण पडून कडे फाटले, की गर मागे सरकून मज्जातंतूवर दाबतो. मग कुल्ल्यातून पायात कळ जाते, पाऊल बधिर होते, मुंग्या येतात. बहुतेकांचे हे दुखणे ६ ते १२ आठवड्यांत शस्त्रक्रियेशिवाय कमी होते. डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घ्यावे, हलके चालणे-फिरणे ठेवावे. अंथरुणाला खिळून राहू नये.

परंतु कंबरेच्या मणक्यांत मज्जातंतूंचा घोड्याच्या शेपटीसारखा झुपका असतो. पाय, लघवी आणि शौच यांवर त्याचा ताबा असतो. तो झुपकाच दाबला गेला तर पुढील लक्षणे दिसतात :

१) बैठकीची जागा, गुप्तांग व मांड्यांची आतली बाजू बधिर होणे, शौचानंतर धुताना हाताचा स्पर्श न कळणे.
२) लघवी अडणे, लागल्याचे न समजणे किंवा नकळत होणे, शौचावरील ताबा जाणे.
३) दोन्ही पायांत कळ किंवा अशक्तपणा वाढत जाणे.

यांपैकी एकही लक्षण दिसले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. अकोल्याचे सर्वोपचार किंवा अमरावतीचे इर्विन, जे जवळ असेल ते रुग्णालय गाठा आणि बधिरपणा नेमका कुठे आहे ते स्पष्ट सांगा. भगिनींनी लाजू नये. तातडीने शस्त्रक्रिया झाली तर लघवीवरचा ताबा वाचण्याची शक्यता जास्त असते. उशीर झाला तर नुकसान कायमचे राहू शकते.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कळ थांबली, पण बधिरपणा वाढला, तर ते बरे होणे नव्हे. तंतू काम करेनासा झाल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी पायाळू माणसाची लाथ किंवा जोराची मालीश घेऊ नका. बधिर भागाला गरम विटेने शेकू नका. चटका कळत नाही आणि कातडी भाजते.

काळजी पुढीलप्रमाणे घ्यावी. पोते दोघांनी, गुडघे वाकवून, अंगाजवळ धरून उचलावे. उचलताना कंबर पिळू नये. पंप बंडीवर किंवा ओट्यावर ठेवून पाठीला लावावा. शक्य तेव्हा तो अर्धाच भरावा. ओटी लवकर रिकामी करावी.

घरी गेल्यावर ही तीन लक्षणे घरातल्या सर्वांना सांगा. वेचणी दोन दिवस मागे पडली तर पुढे भरून काढता येते. गेलेली संवेदना परत येईलच असे नाही.